बुधवारची यादी

मेम्फिस, १४ ऑक्टोबर

एर्नेस्टीनताई,

पत्रात आधी खुशाली लिहायची पद्धत आहे. माझे गुडघे दुखतात, पोर्चची पायरी अजून तुटकीच आहे, आणि तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू मध्येच प्रार्थना सुरू करतेस, आणि प्रार्थना चालू असताना भांडता येत नाही.

ओटिस गेला, पोराचा बाप गेला, तेव्हापासून माझ्या क्लिफ्टनची झोप उडाली होती, हे तुला ठाऊक आहे. पहिल्या समुपदेशक बाईंना तो म्हणाला, बसच्या गॅरेजमध्ये काम करताना बाबा माझ्याशी बोलतात. आपल्याकडे कोणाची गेलेली माणसं बोलत नाहीत? आपली आई जाऊन वीस वर्षं झाली, तरी अजून तुझ्या रश्शात मीठ कमी आहे म्हणते! त्या गोऱ्या बाईंनी लिहून घेतलं, "आवाज ऐकू येतात." घरात बंदूक आहे का विचारलं. पोराचा आवाज जरा चढला तर रखवालदाराला बोलावलं. दुसऱ्या समुपदेशकाने तर वडील लहानपणीच सोडून गेले असतील असं धरूनच सुरुवात केली. अरे, शाळेपासून त्याच्या खेळाच्या प्रत्येक सामन्याला हजर असलेला बाप होता तो!

मग चार महिने थांबून टॉलिव्हरबाई मिळाल्या. आपल्यातल्याच, काळ्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बाबा काय म्हणतात रे?"

"आधी ब्रेक बघ म्हणतात," क्लिफ्टन म्हणाला आणि बापाच्या मातीनंतर पहिल्यांदा रडला. घरी येऊन सलग नऊ तास झोपला.

हे मी तुला आनंदाने सांगितलं. आणि तू बुधवारच्या प्रार्थनासभेत आजाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव मोठ्याने वाचलंस. नाव, आडनाव, "मनावर सैतानाचा हल्ला." साखर आणि गुडघ्यांच्या मधोमध! अकरा वर्षं यादी वाचतेस, कुठलं दुखणं वाचायचं नसतं एवढं कळू नये? दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या फोरमनने, सभेत पुढेच बसलेल्या आपल्याच चर्चच्या डीकनने, त्याच्याकडून ब्रेकचं काम काढून हातात झाडू दिला. त्या आठवड्यापासून तो टॉलिव्हरबाईंकडे जात नाही. माझ्याशीही बोलत नाही.

माझ्याशी का, ते लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

काल त्याच्या ठरलेल्या वेळेला मीच टॉलिव्हरबाईंकडे गेले. अर्धा तास तुझ्या नावाने बोटं मोडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला वेदीपाशी कोणी नेलं?"

तू यादी वाचल्यावर पाळकांनी त्याला वेदीपाशी बोलावलं, तेव्हा तो जागचा हलला नव्हता, ताई. हळूच म्हणाला होता, "आई, नको ना." सगळी मंडळी वळून बघत होती. मला लाज वाटली. मी त्याचं कोपर धरलं आणि त्याला उठवलं. पंधरा जणांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, सैतानाला निघ म्हणून ओरडले, आणि मी "आमेन" म्हणत राहिले.

तुझ्यावरचा राग कमी झालेला नाही. आता तो दोघींना पुरेल एवढा आहे. आज सकाळी त्याच्या दाराबाहेर उभी राहून मी माफी मागितली. उद्याही मागणार आहे.

त्याच्यासाठी प्रार्थना कर. पण मनातल्या मनात.

त्याचं कोपर धरणारी,
वर्लीन