शुक्रवार, सहकुटुंब

४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ७
निश्चय झाला. अकरा वर्षं कुवेतमध्ये दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकवतोय. स्वतःच्या मुलीशी निवांत कधी बोललो, आठवत नाही. यापुढे प्रत्येक शुक्रवार कुटुंबाचा. टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं: नाश्ता, समुद्र, गप्पा (४ ते ५), हास्यविनोद (५ ते ५.३०).
नगला वाचून म्हणाली, "हिलमी, हसायची घंटा कोण वाजवणार?" बायकोला उत्साह आवरत नाहीये.

सायं. ६
नमाजाहून येऊन पाच मिनिटं आडवा झालो. उठलो साडेपाचला. हरकत नाही. पहिला आठवडा तयारीचा धरायचा.

११ एप्रिल
समुद्र. निघतानाच रोदैना म्हणाली, बाबा, धूळ येतेय. बारा वर्षांच्या मुलीला हवेतलं काय कळतं! पोचलो आणि समुद्र दिसेनासा झाला. दीड तास तिघं बंद गाडीत. एवढी जवळीक घरात कुठे मिळते? इजिप्तमधलं माझं बालपण सांगितलं. नगला म्हणे, म्हैस कालव्यात पडली ते मागच्या ईदलाच ऐकलं. मुलगी मात्र डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होती. कानांत काहीतरी घातलं होतं. धुळीमुळे असावं.

१८ एप्रिल
पत्ते खेळलो. रोदैना जिंकली. ती का जिंकली ते तिला चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. मग टेस्टचा अभ्यास म्हणून खोलीत गेली. टेस्ट पंधरा दिवसांनी आहे. गुणी पोर.

२५ एप्रिल
पेपर तपासायचे होते. पण जेवणाच्या टेबलावर बसून तपासले, म्हणजे सहकुटुंबच. मान वर केली तर दोघी शेजारी गेलेल्या. फ्रिजवरचा कागदही गायब. नंतर नगला म्हणाली, "पोर हल्ली गुरुवारपासूनच रडवेली होते, हिलमी."
उरलेले पेपर तसेच ठेवले. थकलोय.

२९ एप्रिल, मंगळवार
शाळेत पाणी नव्हतं, लवकर सुटलो. दारातूनच दोघींचं हसणं ऐकू आलं. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून द्राक्षाच्या पानांत भात भरत होत्या. मला पाहून रोदैना दचकली. "बाबा, आज शुक्रवार आहे?" नाही म्हटल्यावर सरकून जागा दिली.
मी सात गुंडाळ्या केल्या. नगलाने त्यातल्या पाच उलगडून पुन्हा वळल्या. मी काही शिकवलं नाही. बसल्या बसल्या डोळा लागला.
जाग आली ती घोरण्याने. माझंच घोरणं, रोदैनाने फोनवर टिपून माझ्या आईला पाठवलेलं. आई फोनवर ओरडत होती, "अगं, हुबेहूब तुझे आजोबा! त्यांच्यापायी शेजाऱ्यांनी घर बदललं होतं!" तिघी हसून बेजार. माझं डोकं रोदैनाच्या खांद्यावर होतं.
नगला म्हणाली, "हात अवघडला असेल तुझा. उठव त्याला."
"राहू दे. झोपू दे बाबांना."
मी डोळे मिटूनच ठेवले. थोडा घोरलोसुद्धा.