बिनआवाजाची गाडी

४ फेब्रुवारी

गेली. चढावर गिअर पडला तो परत लागलाच नाही. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "काकू, हिला आता सुखाने जाऊ द्या." काकू! पन्नाशीचा आहे तो स्वतः.

एकोणीस वर्षं चालवली. वाईट वाटलं नाही. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज होता तिचा. तीन तास चालवून कुठे पोचलं की पुढचा तासभर कान कामाचे नसायचे. यजमान पियानोचं झाकण उघडून उभे, आणि मी चहा पीत टाळाटाळ करतेय.

दहा मार्चला दौरा. बारा गावं, एकतीस पियानो सुरात लावायचे. शाळा, क्लब, दोन हॉटेलं, मोठं सभागृह, बाकी घरं. बसने जमत नाही. अवजारांची पेटी अठरा किलोची आहे आणि माझा मणका बासष्ट वर्षांचा. गाडी नाही तर दौरा नाही. दौरा नाही तर ही गावं भाची घेणार. ती टपून बसलीय असं मी म्हणत नाही.

बसलीय.

५ फेब्रुवारी

दादाला सांगितलं, जुनी पण मोठी गाडी घेणार. लांब पल्ल्याची, ऐषारामी. एका गिरणीमालकाने पूर्वी मला आणायला तसली पाठवली होती. चारशे किलोमीटर आले, उतरले आणि थेट खुंट्या पिळायला बसले. कान ताजे! ते विसरले नाही. आता तसल्या गाड्या दहा-बारा वर्षांच्या झाल्या की छोट्या नव्या गाडीच्या भावात मिळतात.

दादा म्हणाला, "हत्ती स्वस्त मिळतो गं. खातो किती ते विचार."

दादाने उभ्या आयुष्यात एकच धाडस केलं — बँकेत खिडकी क्रमांक चारवरून पाचवर गेला.

८ फेब्रुवारी

पहिला विक्रेता. काचेची खोली, प्लास्टिकची झाडं, गळ्यात टाय.

"साहेब येतायत ना मागून?"

म्हटलं, साहेब नाहीत. कधीच नव्हते.

"मग चालवणार कोण, मॅडम?"

काळी गाडी. आत अत्तर मारलेलं, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. अत्तर कशावर मारतात हे मला ठाऊक आहे. बॉनेटवर हात ठेवला — गरम. मी येण्याआधी तापवून ठेवली होती. थंड इंजिन खरं बोलतं, तापलेलं पढवलेल्या साक्षीदारासारखं. काट्यावर चाळीस हजार किलोमीटर. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर मात्र मधोमध गुळगुळीत झालेलं.

"एका डॉक्टरांची आहे. फक्त रविवारी काढायचे."

"रविवारी दिवसभर ब्रेकवर उभे राहायचे का?"

टाय हसला. त्याला कळलं नाही. मला हसायला लावणारे लोक नेहमी चुकीच्या जागी हसतात.

९ फेब्रुवारी

करडी पाहिली. दार लावताना आतली लाकडाची पट्टी मांडीवर पडली. लाकूड कसलं, कागद!

११ फेब्रुवारी

दंतवैद्याची पांढरी. डावीकडून खाली बसलेली, एका बाजूचं बूड दुखत असल्यासारखी. तो म्हणाला, "हवेवरचं सस्पेन्शन आहे, उभी राहिली की जरा बसते. चालू केली की उठते आपोआप." चालू केली. वाट पाहिली. तो दातांच्या मुळांबद्दल बोलत राहिला. गाडी उठली नाही.

"आज मूड नाही वाटतं तिचा," म्हणाला.

तोंड बंद ठेवायला लोक त्याला पैसे देत नाहीत, उघडायला देतात — हाच त्या धंद्यातला दोष.

गाडीचा आवाजही वाईट होता. दुसऱ्या गिअरला घरघर. मला कोणी फसवू शकतं, पण कानांना नाही. तीस वर्षं दोन तारांमधली थरथर मोजून पोट भरलंय. ज्याला जे दिसतं ते तो बघतो. मी ऐकते.

१३ फेब्रुवारी

भाची आली होती. गाडीच्या जाहिराती काढून देते म्हणाली. दिल्या. नऊ वर्षं शिकवलं हिला. नादकाटा गुडघ्यावर आपटून कपाळाला लावायला शिकवलं, थरथर पोटात ऐकायला शिकवलं. आता ही मोबाईल पियानोवर ठेवते आणि हिरवा दिवा लागला की सूर लागला म्हणते. दिवा! उद्या दिव्याने टाळ्याही वाजवाव्यात.

"आत्या, दौरा यंदा थोडा छोटा केलास तर?"

"कुणासाठी छोटा?"

गप्प बसली. गप्प बसणं तिला चांगलं जमतं. ते मी शिकवलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मिळाली!

निळी. गडद, जवळजवळ शाई. मालक एक म्हातारे वास्तुरचनाकार, ऐंशीच्या पुढचे, काठी घेऊन गॅरेजच्या दाराशी उभे. अत्तर नाही, प्लास्टिकची झाडं नाहीत. बारा वर्षांची बिलं एका फाईलमध्ये, तारखेने लावलेली. बॉनेट थंड. मी हात ठेवला तेव्हा म्हणाले, "बरोबर. मीही तेच केलं असतं." पहिला माणूस पंधरवड्यात, ज्याच्याशी बोलताना मला आवाज खाली आणावासा वाटला.

चालवली. भाची मागे बसली होती. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर शंभरपर्यंत नेली आणि काट्याकडे पाहिलं, इंजिन बंद पडलं की काय म्हणून. काही नाही. चाकांची थोडी सरसर, वारा, बस्स. आतल्या चामड्यात बसून मी खरोखर श्वास सोडला. म्हातारेबुवा शेजारून म्हणाले, "शेवटची तीन वर्षं तर फारच शांत झालीय. मुरलीय."

मुरलीय! शब्द वापरावा तर असा.

परत आल्यावर भाचीने मला बाजूला घेतलं. "आत्या, मेकॅनिकला दाखवूया आधी."

"का? काय ऐकू आलं तुला?"

"दाखवूया ना."

"काय ऐकू आलं ते बोल."

माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "मला गाड्यांतलं काय कळतं?"

नाही कळत. गाडीला हिरवा दिवा नसतो.

१६ फेब्रुवारी

तरी दाखवली. म्हातारेबुवांनी किल्ली देऊन टाकली, बिनधास्त. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, मला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. दाबला. त्याने तोंड वाकडं केलं.

"टर्बो शिट्टी मारतोय, मॅडम. बेअरिंग गेलंय. महिनाभराचा सोबती."

"कसली शिट्टी?"

"ही काय! पुन्हा दाबा."

दाबला. इंजिनची घुमणारी छान खालची साथ. त्यावर काही नाही.

"अहो, पलीकडचा कुत्रा उठून गेला," म्हणाला.

कुत्रा उठून गेला होता हे खरं. कुत्रे उठतात. त्या शेडमध्ये शेजारी पत्रा ठोकत होते, वर रेडिओ, आणि हा माणूस मला ऐकायला शिकवणार! कानात ग्रीस भरलेलं. गिऱ्हाईक बाई दिसली की यांची सगळी बेअरिंगं जातात.

१७ फेब्रुवारी

दुसऱ्याकडे नेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओळख ना पाळख. ठरवलं होतं की आधी काहीच सांगायचं नाही. फाटकातून आत वळले. अजून थांबलेही नव्हते. तो बाकावर बसून भाकरी खात होता. घास हातात तसाच धरून म्हणाला —

"शिट्टी वाजवत आलात की!"

१८ फेब्रुवारी

सकाळी घरातला पियानो. दार लावून घेतलं, खिडक्या लावल्या.

खालून सुरू केलं. खालचं सप्तक ठीक, मधली सगळी ठीक, कुठे केसभर उतरलंय तेही कळतंय. वर गेले. आणखी वर. शेवटून अकरावी पट्टी, बारीक पण आहे. दहावी. नववीपासून लाकूड. हातोडी तारेला लागते तो टक्. तार नाही. पट्टी दाबली, टक्. पुढची, टक्. बोट तारेवर ठेवलं, तार थरथरत होती. बोटाला कळत होतं, मला नाही.

गेल्या दौऱ्यात मला वाटलं होतं, या लोकांच्या वरच्या तारा थकल्यात. प्रत्येक गावातल्या. बाराच्या बारा गावांतल्या! शाळेच्या बाईंना तर मी चांगलं सुनावलं होतं, खोलीत दमट हवा ठेवता म्हणून. अक्कल किती असावी माणसाला.

मग मी वरचं सप्तक कसं लावत होते? हाताने. खुंटी किती पिळायची ते मनगटाला पाठ आहे. मनगट लावत होतं आणि मी मान डोलावत होते.

१९ फेब्रुवारी

भाचीला बोलावलं. उभीच ठेवली.

"कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षं."

"कुणी सांगितलं?"

"सभागृहवाल्यांनी. वरचे सूर पडलेत म्हणाले. पण तुला सांगायचं धाडस त्यांना नव्हतं."

"मग?"

"मग मी गेले. तू येऊन गेलीस की आठवड्याने. फक्त वरचं सप्तक लावते."

"फक्त सभागृहाचं?"

ती घरातल्या पियानोकडे बघत होती. मी पुन्हा विचारलं.

"सगळीकडे, आत्या. शाळेत, क्लबात. घरी गेले तर म्हणते, आत्याने तार बघायला पाठवलंय."

"कशी जातेस? बसने?"

"बसने."

"पेटी घेऊन?"

"आणखी कशी?"

मी बरंच बोलले. लाज नाही वाटत का, म्हाताऱ्या बाईवर दया दाखवायला मी काय भिकारीण, माझं नाव वापरून घरोघरी हिंडतेस — सगळं. ती उभी होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तुझं नाव वापरलं म्हणूनच दार उघडलं ना त्यांनी." आणि चप्पल घालून गेली. चहा विचारला नाही मी.

तिने पैसे कुणाकडून घेतले का, हेही विचारलं नाही. घेतले नसणार. ओळखते मी तिला. हेच जास्त लागतंय.

२० फेब्रुवारी

काही नाही.

२१ फेब्रुवारी

डॉक्टर. कानाचा. मुलगाच आहे, दाढी नीट फुटलेली नाही. कानावर ठोकळे चढवले आणि बटण दाबायला दिलं. आवाज आला की दाबा. बराच वेळ दाबलंच नाही. वाटलं, यंत्र बिघडलंय. मग तो बाहेर आला. यंत्र चालू होतं.

कागदावर रेघ. उजवीकडे एकदम कडा कोसळल्यासारखी.

"वयाने होतं, आजी. तुमचं काम काय होतं?"

होतं!

२३ फेब्रुवारी

दादा आला. भाची त्याची मुलगी, तिने सांगितलं नाही म्हणतो, चेहऱ्यावरून कळलं म्हणतो. दादाला चेहरे वाचता येत असते तर तो मॅनेजर झाला असता.

"आता तरी बस घरी. दौरे पुरे. गाडीचं खूळही पुरे. चांगली झोप घे."

आनंद लपवता येत नाही त्याला. बासष्ट वर्षं वाट पाहिली त्याने, मी घरी बसण्याची.

"आणि पोरीवर रागावू नकोस," दाराशी जाऊन म्हणाला. "गेल्या वर्षी पाठ धरली होती तिची. चार दिवस आडवी होती. का, ते आता कळतंय."

दार लावलं. ते जोरात लागलं एवढं ऐकू आलं.

२४ फेब्रुवारी

म्हातारेबुवांकडे गेले, किल्ली परत द्यायला. टर्बोची शिट्टी सांगितली. ते हतबुद्ध. "पण गेली तीन वर्षं तर किती शांत —" आणि तिथेच थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

दोन बहिऱ्यांनी एकमेकांना शांततेची हमी दिली होती.

ते आधी हसले. मग मीही. त्या गॅरेजात, काठी धरून, इतकं हसलो की त्यांची सून खिडकीत आली. "काय झालं, बाबा?" तिला काय सांगणार. मग म्हणाले, "दुरुस्तीचं वजा करा. पण ही गाडी तुम्हीच घ्या. टायवाल्याकडे जायला नको." त्यांनाही भेटला होता म्हणे तो टाय.

किल्ली परत दिली नाही.

२६ फेब्रुवारी

टर्बो उतरवला. पंख्याचं एक पातं चघळल्यासारखं. पहिल्या मेकॅनिकने हातावर ठेवून दाखवलं, विजयाने. "कुत्र्याचा तुमच्यावर विश्वास होता," म्हटलं. तो हसला, आणि बरोबर जागी.

६ मार्च

निळी दाराशी उभी आहे. काल भाचीला शेजारी बसवून शंभरपर्यंत नेली. "शिट्टी?" "नाही." "नक्की?" "नाहीच, आत्या." मग सांगितलं: दहाला निघायचं. पियानो तू लावायचे, पहिल्या पट्टीपासून शेवटच्यापर्यंत. दिवा लाव नाहीतर उदबत्ती लाव. गाडी मी चालवणार. तिने विचारलं, "तू आत येशील ना, आत्या?"

म्हटलं, ड्रायव्हर गाडीत थांबतो.