मुठीचं गाडगं

कोल्हापूर,
रविवार, १९६९

प्रिय आईस तुझ्या मार्थाचा सलाम.

ह्यांचा ताप उतरला आहे. पायाची जखम भरते आहे म्हणतात. बोटांचं विचारलं की डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात. तू काळजी करू नकोस. पोरं वेळेवर शाळेला जातात ना? धाकट्याचा खोकला गेला का?

तू दिलेलं गाडगं मी दवाखान्यामागच्या, आम्ही नातेवाईक रांधतो त्या चुलींपाशी ठेवलं होतं. भात लावण्याआधी चर्चसाठी मूठभर तांदूळ त्यात टाकायचे, ही तुझीच सवय. पण ह्यांचं ऑपरेशन झाल्यापासून माझा हात तिकडे गेला नाही. खरं सांगते, प्रार्थनाही होत नव्हती.

आज उपासनेला निघताना ते रिकामंच असेल म्हणून उचललं, तर जड लागलं. झाकण काढलं. आत तांदूळ, जोंधळे, तुरीची डाळ, अगदी काठापर्यंत.

शेजारच्या चुलीवरची सुलतानबी म्हणाली, "तू टाकायची थांबलीस, म्हणून मी टाकाय लागले. मग पलीकडची दानम्मा पण टाकाय लागली. देवाचं भांडं हाय, रिकामं कसं ठेवायचं?"

आई, सुलतानबीचा लेक अजून शुद्धीवर आलेला नाही.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी ते धान्य निवडायला लावलं नाही. तसंच मिसळलेलं वेदीपुढं ठेवलं.

परत येऊन मी चूल पेटवली आणि पहिली मूठ त्या लेकाच्या नावानं गाडग्यात टाकली. तूही उद्या टाकताना त्याचं नाव घे. नबीलाल म्हणतात त्याला.

तुझी,
मार्था