देव वर गेले तेव्हा आलेले पाहुणे

४ जानेवारी

आणखी एक बुकिंग रद्द. वारा फार आहे, जेजूला विमानं उतरत नाहीत. वारा सुटला की भुर्दंड मला! आई म्हणाली, "संत्र्याच्या गोदामात बरी नोकरी होती. सोडलीस. भोग आता." खरंच, पगार तरी हातात यायचा.

९ जानेवारी

प्यो साहेबांचा सोलहून फोन. घर त्यांचं. वर्षाचं भाडं एकरकमी द्यायचं, ही आमच्या बेटाची रीत. मोठं घर मी पाहुण्यांना देते, आई आणि मी अंगणापलीकडच्या खोलीत. "महिनाअखेर सिन्गुगानाच्या आठवड्यात भाडं द्या, नाहीतर घर मोकळं करा." बोलतात अगदी गोड.

उन्हाळ्याची कमाई लाकडी न्हाणीत घातली, वर कर्ज. लोक न्हाणीचा फोटो बघतात. येत नाहीत.

१० जानेवारी

कोणी नाही.

१७ जानेवारी

दर निम्मा केला. गावात सगळ्यांनीच केलाय. भाड्यासाठी उसने मागितले तर शेजारच्या को मावशी म्हणाल्या, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

२५ जानेवारी

सिन्गुगान लागला. घरातले जुने देव वर गेले, नवे उतरायचेत. एवढा एकच आठवडा घर बदला, छप्पर उसवा, देवांचा कोप नाही. दारोदार ट्रक उभे आहेत. आमचं छप्परही गळतंय. पैसे नाहीत, म्हणून बादली.

संध्याकाळी बुकिंग आलं! बुसानचं जोडपं, उद्यापासून पाच रात्री. रडलेच.

२८ जानेवारी

भली माणसं. बाई नळ सोडून बघतात, खिडक्या लावून बघतात. "छप्पर गळत नाही ना?" म्हणाल्या. बादली आधीच उचलली होती, तिथे फुलदाणी ठेवली होती. म्हटलं, "छे हो! दगडी भिंती आहेत, नातवंडांना पुरतील. शेजार तर सोन्यासारखा." आई माझ्याकडे बघतच राहिली.

बघू दे. पाच तारे मिळाले तर वसंतात घर भरेल. मावशींकडून उसने शिंपले आणून पेज केली त्यांना.

३१ जानेवारी

पाहुणे गेले. निघताना बाईंनी आईचे हात धरले. मला विचारलं, "तुमची राहायची सोय आहे ना दुसरीकडे?" म्हटलं, आहे की, ती काय अंगणापलीकडे. बाई नवऱ्याकडे बघायला लागल्या.

प्यो साहेबांकडे मुदत मागायची आहे. फोन उचलत नाहीत.

१ फेब्रुवारी

पाच तारे. "यजमानीणबाईंनी घराबद्दलच्या सगळ्या शंका फेडल्या. कालच मालकांना होकार कळवला. आता हे घर आमचं."

सिन्गुगान आज संपतो. मावशी चौकशी करून आल्या, गावात एकही ट्रक मोकळा नाही.