चाक, मडगार्ड आणि मधली जागा

मोर्शी,
गुरुवार

तीर्थस्वरूप सूर्यभानमामा यांच्या चरणी भाचा नितेश याचा नमस्कार. (उजव्या पायाला अजून लेप लावत असाल, तर तूर्तास डाव्याच चरणी समजावा.)

गंगूमामींची दाढ निघाली की अजून डॉक्टरला झुलवणं चालू आहे, ते कळवावे. तेल्हाऱ्याकडे कपाशीची वेचणी सुरू झाली असेल. बाया मिळाल्या का? इकडे संत्रा बरा आहे, आईचे गुडघे बरे नाहीत, बाकी सर्व ठीक.

फोन न करता पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मामा, तुम्ही फोन उचलता तोच स्पीकरवर टाकून. मागे मी तुम्हाला मूळव्याधीचं औषध विचारलं, तर तुमच्या आधी वेचणीच्या दोन बायांनी उत्तर दिलं. (औषध लागू पडलं, त्यांना सांगा.) पण आजचा विषय नाजूक आहे आणि तो वावरात चर्चिला जाऊ नये.

विषय आपल्या पांढऱ्या गाडीचा. आपल्या म्हणजे आता माझ्या. पण ती तुमच्याकडून आलेली, तेव्हा तिच्या अंगाला हात लावण्याआधी तुम्हाला सांगणं मी माझं कर्तव्य समजतो. गाडी देताना तुम्ही "पोट्ट्या, नीट वापरजो" एवढंच म्हणाला होतात, आणि मी नीटच वापरतो. रोज सकाळी मोर्शीहून अमरावती, संध्याकाळी अमरावतीहून मोर्शी. गाडीची माझ्याबद्दल काही तक्रार नाही. माझीही गाडीबद्दल नव्हती. ती निर्माण केली धर्मेंद्रने.

धर्मेंद्र ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याने त्याची काळी गाडी खाली बसवून घेतली आहे. खाली बसवणं म्हणजे काय, तर चाकांवरच्या स्प्रिंगा काढायच्या आणि आखूड टाकायच्या; मग गाडीचं पोट जमिनीजवळ येतं. याने होतं काय, असं मी भोळेपणाने विचारलं. तो म्हणाला, गाडी रस्त्याला धरून चालते अन् दिसते वाघासारखी. मग मला पार्किंगमध्ये नेऊन त्याने माझ्या गाडीचं चाक आणि वरचं मडगार्ड यांच्यामधल्या जागेत आधी पंजा घातला, मग मूठ घातली, मग माझा जेवणाचा डबा घातला (उभा, आणि तो राहिला!), आणि म्हणाला, "नितेशभाऊ, हे गाडी हाये का कोंबड्यायचं खुराडं?"

मामा, तोपर्यंत ती मोकळी जागा मला कधी दिसलीच नव्हती. त्या दिवसापासून दुसरं काही दिसेना. पंचवटी चौकात लोक सिग्नलकडे पाहतात, मी आजूबाजूच्या गाड्यांची चाकं पाहू लागलो. घरी जेवताना ताटाखाली पाट ठेवला, तर तोही मला उंच वाटू लागला. गाडी अंगणात उभी केली की मी वळून वळून पाहायचो आणि ती मला पावसाच्या पाण्यातून लुगडं वर धरून निघालेल्या बाईसारखी दिसायची.

बाबांना विचारलं. बाबा बागेत संत्र्याच्या झाडांना टेकू देत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसलेला बैल आपण शेपूट पिरगाळून उठोतो, अन् तू चांगली उभी गाडी बसोतं? कावून? बिमार हाय का थे?"

मग मी धर्मेंद्रलाच एका संध्याकाळी मोर्शीला बोलावलं, की आईला बसवून एक चक्कर मार, म्हणजे घरातलं एक मत तरी आपल्याकडे येईल. आई बसली झक्कास. सतरंजीवर बसल्यासारखं वाटते म्हणाली. देवळापर्यंत जाऊन आली, खूश होती. पण उतरायची वेळ आली आणि तिचे गुडघे अडून बसले. एक हात मी धरला, एक हात प्रणालीने (सून म्हणून तिने जरा हलकेच ओढलं), धर्मेंद्र पलीकडून पाठीला टेका देत होता, तरी विहिरीत पडलेली बादली गळाला लागून सुटावी तशी आई वर यायची आणि परत आत जायची. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या रे बाप्पा, चहा इथंच आणा." चहा तिथंच नेला.

प्रणालीचं मत मी सर्वांत शेवटी विचारलं, कारण ते मला माहीत असतं. पण तिने नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "खाली बसवायच्या आधी एक डाव खाली बसलेली चालवून तर पाहा." ते कसं, विचारलं, तर म्हणाली, "रविवारी समजन."

रविवारी आम्हाला अकोल्याला जायचं होतं, अपेक्षासाठी. माझी ही बहीण एमएस्सी झाल्यापासून स्थळं नाकारण्यात तरबेज झाली आहे, हे तुम्ही जाणताच. तुम्ही आणलेलं स्थळ तिने "त्याचा आवाज पातळ हाय" म्हणून परत पाठवलं होतं. अकोल्याचे पंजाबराव आणि त्यांचा मुलगा गोपाल (फुलझाडांची रोपवाटिका आहे, मुलगा देखणा आहे) महिन्याभरापूर्वी आमच्याकडे येऊन गेले होते. पण गोपाल पूर्ण वेळात दोनच शब्द बोलला. एक "हो" आणि एक "पाणी". अपेक्षा म्हणाली, एवढं तर आपला नळही बोलतो. तरी पंजाबरावांनी घर पाहायला बोलावलं, आणि अपेक्षा चक्क तयार झाली. मुलीने स्वतः जायचं का, यावर मंजुषाआत्याने तोंड वाकडं केलं, तर ती म्हणाली, "राहायचं मले हाय, तर घर का तू पाहशीन?"

तर मी चालवायला, शेजारी बाबा, मागे आई, आत्या, अपेक्षा आणि प्रणाली, आणि डिक्कीत पंजाबरावांसाठी संत्र्याची कॅरेटं. (आत्याच्या देहाविषयी मी लिहीत नाही, ती तुमचीही मानलेली बहीण आहे.) सगळे बसले आणि प्रणालीने मला खाली उतरून पाहायला सांगितलं. मामा, काय सांगू! गाडी खाली बसली होती. चाकं मडगार्डात अशी गुडूप झाली होती, की मी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले. आतून बाबा ओरडत होते, "आरे, आपण सोयरीक पाहाले चाललो का गाडी?"

सुख मोर्शीच्या पहिल्या ब्रेकरपर्यंत टिकलं. खालून असा आवाज आला, जसा कोणी खलबत्ता फरशीवरून ओढावा. दुसऱ्या ब्रेकरला मी सर्वांना उतरवलं. तिसऱ्यालाही. पुढे तर मी ब्रेक लावला की न सांगता दारं उघडायची. आई तेवढी आतच बसून राहायची, कारण तिला काढण्यापेक्षा आवाज परवडला. अमरावती सुटल्यावर मोठा रस्ता लागला तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला, आणि मला वाटतं गाडीनेही.

पण अकोल्यात पंजाबरावांच्या गल्लीत शिरलो आणि समोर ब्रेकर. मामा, तो ब्रेकर नव्हता, ते धरण होतं. मागून कळलं की गल्लीत पोट्टे मोटारसायकली पळवतात म्हणून तो खुद्द पंजाबरावांनी उभं राहून बांधून घेतला होता, ऐन फाटकासमोर. मी म्हटलं, उतरा. आत्याने साफ नकार दिला. सोयऱ्याच्या दारात पाहुण्यांनी गाडीतून उतरून पायी जायचं म्हणजे इज्जत काय राहिली, असा तिचा मुद्दा होता, आणि बाबांनाही नेमका त्याच वेळी तो पटला. म्हणून मी देवाचं नाव घेऊन गाडी चढवली. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली आणि मधे गाडी पोटावर टेकली. ना पुढे ना मागे. आत्या जरा हलली की बॉनेट वर जायचं.

सगळी गल्ली बाहेर आली. पंजाबराव धोतर सावरत आले आणि माझी चौकशी करायच्या ऐवजी ब्रेकरची करू लागले, कुठं टवका तर नाही ना उडाला. बाबांची मान खाली. आई हळूच म्हणाली, "झालं वो माय, हेही स्थळ गेलं." मला तर वाटलं, गाडी तिथंच सोडावी आणि रेल्वेने घरी जावं. मी अपेक्षाकडे आरशातून पाहिलं नाही.

तेवढ्यात गोपाल आला. पाहुण्यांसाठी पांढराशुभ्र शर्ट घातलेला. तो काही न बोलता रस्त्यावर सरळ पालथा पडला आणि गाडीखाली डोकावला. उठला तेव्हा शर्टाचा पुढचा भाग रस्त्याच्या रंगाचा झाला होता आणि नाकावर काळा डाग. तो मागच्या खिडकीशी आला, अपेक्षाकडे पाहून घसा साफ केला आणि म्हणाला, "तुमी उतरता का जरा? म्हणजे तुमच्या वजनासाठी नाही म्हणून राहिलो. एकंदर वजनासाठी."

मग अपेक्षा हसली. मामा, तिला असं हसताना मी ती दहावीत असल्यापासून पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि उतरली. ती उतरली म्हणून प्रणाली उतरली, आणि मग आत्याही, इज्जतीसकट. बाबा आपसूक उतरले आणि पंजाबरावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोट्टा बोलते!"

गाडी हलकी करायला डिक्कीतली कॅरेटं काढली. घाईत एक माझ्या हातून उलटलं आणि संत्री गल्लीच्या उतारावरून जी सुटली, ती सुटली. गोपाल एका बाजूने धावला, अपेक्षा दुसऱ्या बाजूने. इकडे मी, पंजाबराव, बाबा आणि गल्लीतली चार माणसं गाडी उचलून पुढे ढकलत होतो (आई आतच होती, ती आम्हाला कोणत्या बाजूने जोर लावायचा ते सांगत होती) आणि तिकडे ते दोघं संत्री वेचत होते. गाडी निघाली तरी त्यांची वेचणी संपेना. मी पाहिलं, खाली एकच संत्रं उरलं होतं आणि दोघंही त्याच्याजवळ नुसते उभे राहून बोलत होते. तो काय बोलत होता, देव जाणे. पण बोलत होता आणि हात हलवून हलवून बोलत होता.

घर पाहिलं, रोपवाटिका पाहिली, पोहे झाले. पंजाबरावांनी निघताना बाबांचा हात धरून सांगितलं, की तुमची पोरगी येणार असेल तर ब्रेकर उद्याच्या उद्या तासून टाकतो. बाबा काही बोलायच्या आत अपेक्षा म्हणाली, "राहू द्या ना. चांगला हाय." एवढंच. आईने माझा दंड दाबला. येताना बडनेऱ्यापर्यंत अपेक्षा खिडकीतून बाहेर पाहत होती आणि मधूनच एकटीच हसत होती. तिचा होकार आला आहे, मामा. आता तोंड गोड करा. (मामींनी दाढ सांभाळून.)

गंमत अशी, की आता घरातले सगळे फिरले आहेत. बाबा म्हणतात, गाडी बसली म्हणून सोयरीक जुळली, बसव बापा. पण माझं मन उलटलं. गाडीच्या पोटाला लागलेला ओरखडा मी खाली झोपून पाहिला आणि मला भरून आलं. रोज ऑफिसला जाताना कोण कोण उतरणार? आईला कोण ओढणार? उंच आहे तर उंच असो. तुमच्या हाताची वस्तू आहे, तुम्ही दिली तशीच ती राहील. हा निर्णय मी पूर्ण विचारांती घेतला असून तो कायम आहे. मामींना नमस्कार, म्हशीच्या पाठीवरून हात.

आपला आज्ञाधारक भाचा,
नितेश

ता. क. : साक्षगंध (पत्रिकेत 'साखरपुडा' असेल) येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, अकोल्याला, पंजाबरावांच्याच घरी. मामाशिवाय ते होत नाही, हे मी सांगायला नको.

आणखी ता. क. : पत्र टाकायचं राहून गेलं, आज सोमवार; तेव्हा साक्षगंध आता याच रविवारी समजावं. मधल्या काळात गाडी खाली बसली. मी धर्मेंद्रसोबत गॅरेजात केवळ भाव विचारायला गेलो होतो. अगदी थोडीच बसवली आहे. पण मामा, एकदा येऊन पाहा. संध्याकाळच्या उन्हात ती अंगणात उभी असते आणि मी चहा घेऊन पायरीवर बसतो.

शेवटचा ता. क. : साक्षगंधाला तुम्ही तुमची नवी जीप आणालच. तेल्हाऱ्याहून अकोला जवळ आहे, हे मला ठाऊक आहे. तरी तुम्ही अकोल्यावरून सरळ पुढे मोर्शीला येऊन, आई, बाबा, आत्या, अपेक्षा आणि बुंदीचे डबे घेऊन परत अकोल्याला गेलात, तर तुमचाही जरा फेरफटका होईल. मी आणि प्रणाली आमच्या गाडीने मागोमाग येतो. हे फोनवर बोलू नये.

(वेगळ्या अक्षरात) मामांना प्रणालीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. जीपमध्ये खिडकीजवळची एक जागा मलाही धरून ठेवा. ह्यांना मी अजून सांगितलं नाही.