सोमवारचे पाव

लीर, ९ मे २०१६

ती. ओनोदादास, सा. न.

जिंकलो रे दादा! कामगार न्यायालयाने टामोची बडतर्फी रद्द केली. कंपनीचं म्हणणं, हा कामाच्या वेळेत बेकरीत भटकत होता, म्हणून तिथल्या पायरीवरच्या बर्फावर घसरला. न्यायाधीशबाईंनी मुकादमालाच विचारलं. तो म्हणाला, साइटवर दर सोमवारी एकाने सगळ्यांसाठी पाव आणायचे, त्या दिवशी पाळी टामोची. मग बाई म्हणाल्या, पाव आणणं हेही कामच.

आता अपघात विम्याचा खटला. कामावरचा अपघात ठरला की रुंद दारं, घरी येणारी नर्स, सगळं विमा देईल. नाहीतर कमरेखाली लुळा पडलेला नवरा मी एकटी किती दिवस उचलणार? तिथे हाच निकाल दाखवला की झालं. आज चहात खडीसाखर जास्तच पडली.

तुझा लोभ आहेच, तो तसाच ठेव.

वीब्के

कासेल, १६ मे २०१६

चि. वीब्केस, अनेक आशीर्वाद.

खडीसाखर जपून. जन्मभर वकिली केली म्हणून सांगतो, तो निकाल तिथे चालणार नाही. ते न्यायालय वेगळं, आणि त्यातही फक्त अपघातांचेच खटले बघणारा न्यायाधीश वेगळा. शेजारच्या न्यायालयाने काय ठरवलं ते त्याच्यावर बंधनकारक नसतं. पण घाबरू नकोस. अशी वेगळी न्यायालयं हवीत म्हणून तर मी घसा कोरडा केला. या माणसाला मणका म्हणजे काय ते कळतं.

टामोला सांग, विचारतील तेवढंच बोल. त्या गड्याला ते जमायचं नाही म्हणा!

दोघांना माझी माया.

ओनो

लीर, २ डिसेंबर २०१७

ती. दादास, सा. न.

हरलो. न्यायाधीश भला माणूस होता, मणक्यातलं त्याला सगळं कळत होतं. त्याने विचारलं, त्या पावांत तुमचे किती? टामो सरळ म्हणाला, दोन, आणि भूक लागली म्हणून एक बेकरीतच खाल्ला. झालं! खाणं ज्याचं त्याचं खासगी म्हणे, कामाची वाट बेकरीच्या पायरीशी संपली. मी पहिला निकाल पुढे केला. न्यायाधीशाने तो अदबीने परत दिला. तो त्याचा विषय नव्हता.

अपील कर म्हणशील. माझी पाठ तोवर थांबत नाही रे. सोमवारी टामोला शुश्रूषागृहात ठेवून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला गेले, तर न्याहारीला पाव आला. त्याने तिथल्या बाईला विचारलं, हा कामाचा की खासगी? ती हसली. त्याने पाव उशाशी ठेवला आणि मला म्हणाला, वीब्के, मला घरी ने.

दादा, याच्यासाठी तुझं एखादं न्यायालय आहे का?

या वेळी लोभ मागत नाही. तू ये.

वीब्के