बाटलीतली सुरंगी

आई, आपटा गावी, तुझ्या माहेरच्या दारातलं सुरंगीचं झाड तोडलं. रस्ता रुंद करायचा होता. मामाचा फोन आला तेव्हा खोडावर खुणेचा रंग मारूनही झाला होता. मी पनवेलहून धावत गेले, कोवळी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून लॅबमध्ये आणली, आणि तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही.

तुला माझं काम माहीत होतं ते कुकरपुरतं. मी शिकत असतानाची गोष्ट. कॉलेजमधलं बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलेलं, म्हणून पानांचे तुकडे वाढवायच्या, साखर, क्षार आणि चायना ग्रास घातलेल्या बाटल्या मी आपल्या ओट्यावर कुकरात शिजवायला लावल्यात. तू ऑफिसातून येतेस, पदर खोचून भात लावायला कुकर उघडतेस आणि ओरडतेस, "जगात दुसरा कुकर नाय काय गं तुला?" मी रडकुंडीला येते. दुसऱ्या दिवशी तू नवा कुकर आणलास आणि जुना माझ्यापुढे आदळलास. "हा तुझ्या पाल्याला. माझ्या भाताला हात लावायचा नाय."

सुरंगीने फार छळलं. पान कापलं की तुकडे काळे पडायचे. जे जगले ते नुसतेच सुजले. पांढरट गोळे, ना पान ना मूळ. अशा गोळ्यातूनही अख्खं झाड उठतं, फक्त कुठलं संप्रेरक किती द्यायचं ते जमावं लागतं. मी प्रमाण बदलत राहिले. लॅबमधले साहेब म्हणाले, "मॅडम, रॅक अडतोय, टाकून द्या ना." मी बाटल्या केळीच्या रोपांमागे सरकवल्या. मग एका गोळ्यावर हिरवा ठिपका आला, त्याचं टोक झालं, टोकाला इवली पानं. मी टेबलाचा कोपरा धरून उभी राहिले. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

मामा रोज विचारतो, "खड्डा खणून ठेवलाय गं. झाड हाय ना जितं?"

"हाय, मामा. मुळं फुटली की आणते."

पण बाटलीतली हवा दमट, जपलेली. बाहेर काढल्यावर किती रोपांनी माझ्या हातात माना टाकल्यात. तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, आणि त्याच आठवड्यात तू गेलीस.

हे पत्र पर्समध्येच राहील. मुळं फुटलीयेत, आई. बारीक, पांढरी. मामाला मी अजून सांगितलेलं नाही.